बायकोला घसरायला शिकवताना

मोतीबिंदू हा तसा गरीब आजार. दुखत नाही, खुपत नाही, शेजाऱ्यांना बघायला यावं असंही त्यात काही नसतं. तरीसुद्धा माझ्या मोतीबिंदूपायी आमच्या किविलाहती गावात एकदा पोलीस आले, नगरपालिकेत माझ्या नावाची फाइल उघडली गेली आणि नववीच्या पोरांनी फळ्यावर माझं चित्र काढलं. चित्रात मी गाडीत होतो आणि गाडी आडवी होती.

डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या होत्या, "अकरा फेब्रुवारीला उजवा डोळा करू. त्यानंतर महिनाभर गाडीला हात लावायचा नाही."

मी घरी येऊन हिल्काला सांगितलं. हिल्का म्हणजे माझी बायको. ती मोज्याची टाच विणत होती. टाच विणताना तिच्याशी बोलायचं नसतं, हे चौतीस वर्षांच्या संसारात मी शिकलोय. पण त्या दिवशी विसरलो.

"मग मी नेते तुला," ती म्हणाली. बटाटे संपलेत म्हणावं अशा आवाजात.

"फेब्रुवारीत?"

"ऑपरेशन फेब्रुवारीत आहे ना? मग जूनमध्ये नेऊन काय करू?"

इथं थोडं सांगायला हवं. हिल्काकडे लायसन्स माझ्याइतकंच जुनं आहे. उन्हाळ्यात ती झकास चालवते. तळ्याकाठच्या झोपडीवर, स्ट्रॉबेरीच्या मळ्यावर, मुलीकडे ताम्पेरेला, सगळीकडे तीच. पण पहिला बर्फ पडला की गाडीची किल्ली माझ्या कोटाच्या खिशात जाते, ती थेट तळ्यावरचा बर्फ वितळल्यावर मे महिन्यात बाहेर येते. एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं. का चाललं होतं ते पुढं सांगतो. आत्ताच सांगायचं मला जरा जड जातंय.

"टॅक्सी करू की," मी म्हटलं.

"टॅक्सीवाल्यानं लग्न केलंय का तुझ्याशी?"

"अगं, नव्वद किलोमीटर. वळणावळणाचा रस्ता. लाकडांचे ट्रक. गाडी घसरली म्हणजे?"

हिल्कानं सुया खाली ठेवल्या. "घसरली म्हणजे काय करायचं ते शिकव. मास्तर आहेस ना?"

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. एकतीस वर्षं शिकवतोय. घर्षण हा तर माझा हुकमी धडा. त्याच रात्री मी एका मोठ्या कागदावर गाडी काढली, चारी चाकांना बाण काढले, लाल बाण वेगाचे, निळे बाण घर्षणाचे, आणि तो कागद फ्रिजवर लावला. सकाळी त्यावर हिल्कानं दूध, यीस्ट, कपडे धुण्याची पावडर अशी यादी चिकटवली होती. निळे बाण सगळे यीस्टखाली गेले होते.

आमची दहा घरांची चाळवजा ओळ आहे. दहा घरांत मिळून एक सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली. शुक्रवारी संध्याकाळी पुरुषांची पाळी. गावातल्या सगळ्या मोठ्या चुका तिथंच ठरतात, कारण उघडा माणूस फार आत्मविश्वासानं बोलतो. मी विषय काढायचा अवकाश, वाफेतून सल्ले यायला लागले. एक म्हणाला टायरमधली हवा कमी कर, दुसरा म्हणाला वाढव. तिसरा म्हणाला, कॉम्प्युटरवाली नवी गाडी घे, ती घसरूच देत नाही. चौथा म्हणाला, त्याच्या मेव्हण्यानं तसली घेतली होती. ती खड्ड्यात पडली, कॉम्प्युटर मात्र शाबूत आहे.

ताउनो गप्प होता. ताउनो म्हणजे आमचा भिंतीपलीकडचा शेजारी, निवृत्त भूमापक. अस्सल सावो प्रांतातला माणूस. आमच्या भागात बोलणारा कसलीच जबाबदारी घेत नाही; ऐकणाऱ्यानं ती आपापली घ्यायची असते.

"डिकीत वाळू टाकतात लोक," ताउनो अखेर म्हणाला.

"टाकू?"

"मी टाक म्हटलं नाही. टाकतात, एवढंच म्हटलं. टाकली तर मागचं वजन वाढतं. वाढलं तर बरं असतं. किंवा नसतं."

मी वाळू टाकली. पंचवीस किलोची चार पोती. त्यातलं एक डिकीतच फाटलं. वाळू ओली होती, बाहेर उणे अठरा होतं. सकाळी बघतो तर डिकीत एक अखंड बेट तयार झालेलं, आणि त्या बेटात हिल्काचे बर्फावर चालायचे बूट रुतलेले. ताउनो खिडकीतून बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं तर त्यानं पडदा ओढून घेतला.

सरावासाठी मी जागा हेरली होती: पोहण्याच्या बंदिस्त तलावामागची गाड्या लावायची मोकळी जागा. रविवारी सकाळी तिथं चिटपाखरू नसतं. तिथं एक पाटी आहे, "येथे गाडी गोल फिरवण्यास सक्त मनाई आहे". ती पाटी माझ्याच अर्जावरून लागली आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी गावातली पोरं तिथं गाड्या गरागरा फिरवायची, तेव्हा मी नगरपालिकेला घर्षणाच्या आकडेमोडीसकट चार पानी पत्र लिहिलं होतं. पण मी मनाची समजूत घातली, की पाटी मजा करणाऱ्यांसाठी आहे. आम्ही अभ्यासाला आलोय.

"आधी मी करून दाखवतो," मी म्हटलं. "तू नुसतं बघ."

"बघते," हिल्का म्हणाली आणि पट्टा बांधून, मांडीवर पर्स घेऊन बसली.

पुढची चाकं ओढणारी गाडी घसरवायची तर थोडा वेग घ्यायचा, स्टेअरिंग किंचित वळवायचं आणि हँडब्रेक ओढायचा. मागची चाकं अडतात, शेपूट फिरतं. पुस्तकात हे दोन ओळींत आहे. पुस्तकात हे नाही की आमच्याकडे हिवाळ्यात शहाणा माणूस हँडब्रेकला हात लावत नाही. तारेत पाणी शिरलेलं असतं, ते गोठतं आणि ब्रेक धरून बसतो. मला हे ठाऊक होतं. म्हणून तर मी तो अकरा वर्षांत ओढला नव्हता.

ओढला. खर्रकन आवाज झाला. गाडीनं शेपूट टाकलं, आणि शेपटात शंभर किलोचं बेट असल्यानं ते थांबेचना. गव्हाणीकडे वळणाऱ्या भरल्या पोटाच्या गाईसारखी ती सावकाश, मोठ्या दिमाखात वळत गेली आणि तलावाच्या मागच्या दरवाज्यासमोर, पायऱ्यांना लागून, आडवी उभी राहिली. मी हँडब्रेक खाली केला. दांडा खाली आला. चाकं काही सुटली नाहीत.

"हे दाखवायचं होतं का?" हिल्कानं विचारलं. खवचटपणे नाही हो, खरंच विचारलं. त्यामुळं जास्त लागलं.

तेवढ्यात दरवाजा उघडला. पाण्यातल्या व्यायामाचा वर्ग सुटला होता. ओल्या केसांवर लोकरीच्या टोप्या घातलेल्या अकरा बायका, आणि बाहेर पडायच्या वाटेवर मी.

"अगंबाई, मास्तर!"

"काय झालं? चक्कर आली का?"

"गोठलाय गं ब्रेक. आमच्या ह्यांचाही गोठला होता. गरम पाणी ओता."

"नको, नको," हिल्का ओरडली, पण तोवर एकीनं आतून बादली आणलीही होती. दोन्ही चाकांवर अर्धी अर्धी ओतली. तीन सेकंद सुंदर वाफ आली. चौथ्या सेकंदाला माझी गाडी किविलाहतीच्या जमिनीशी एकजीव झाली. उणे अठरात पाण्याचं काय होतं हे सांगणारा पगारी माणूस तिथं हजर होता. पण अकरा बायका एकदम बोलत असताना निसर्गाचे नियम सांगायची ती वेळ नव्हती.

पोलिसांना कुणी फोन केला ते मला कळलं नाही. पोलिसांच्या गाडीतून हेनी तुरुनेन उतरली. एके काळी माझी विद्यार्थिनी. हिला मी नववीत भौतिकशास्त्रात दहापैकी चार देऊन नापास केलं होतं.

"सर, तुम्ही?"

मी मान खाली घातली. ती पाटीपाशी गेली, पाटी मोठ्यानं वाचली, शेवटच्या शब्दापर्यंत.

"ही तुम्हीच लावून घेतली होती ना, सर?"

"हो."

"सर, घर्षण म्हणजे काय हो?"

"हेनी, आता पुरे."

"नाही, खरंच आठवत नाहीये. चार होते ना मला." मग तिनं टोपी नीट केली आणि आवाज बदलला. "सर, गाडी घसरवणं वाईट नाही. मीसुद्धा शिकलेय, कामाचं असतं. पण जिथं माणसं जातायेतात तिथं नाही. या सगळ्याजणी तीन मिनिटं आधी बाहेर आल्या असत्या तर?"

अकरा टोप्या माझ्याकडे बघत होत्या. मी एकतीस वर्षं मुलांना 'तर?' विचारत आलो. उत्तर न येणं कसं असतं ते त्या दिवशी कळलं.

"लेखी समज द्यायला हवी खरं तर," हेनी म्हणाली. "पण तुम्ही मला फेरपरीक्षा दिली होतीत. जा घरी. म्हणजे, गाडी सुटेल तेव्हा जा."

गाडी दुपारी सुटली. त्याआधीच गावच्या इंटरनेटवरच्या गप्पांच्या पानावर माझा फोटो आला होता, 'सर प्रात्यक्षिक दाखवताना' अशा ओळीसह. खाली दोनशे चौदा जणांनी आपापलं मत दिलं होतं. ताउनोनं लिहिलं होतं, "वाळू टाकली होती वाटतं. किंवा नसेल टाकली."

माणसानं इथं थांबायला हवं होतं. पण दुखावलेला मास्तर थांबत नाही, तो अर्ज करतो. सोमवारी मी नगरपालिकेत गेलो आणि ती जागा रविवारी दोन तास रीतसर, दोऱ्या बांधून, आमच्यासाठी बंद करून द्यावी अशी मागणी केली. खिडकीतल्या बाई फार प्रेमळ होत्या. त्यांच्याकडे प्रेमळ फॉर्मही होता.

"कार्यक्रम कुठल्या प्रकारचा? जत्रा, मिरवणूक, मैफल की सर्कस?"

"बायकोला गाडी घसरवायला शिकवायचंय."

त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. "ते नाही यात. प्रेक्षक किती?"

"एकही नको."

"मग कार्यक्रम होत नाही तो. प्राणी आहेत?"

"नाहीत."

"सर्कसही नाही मग." त्या विचारात पडल्या. "बर्फ काढण्याचं काम म्हणून दाखवू का? तुमची गाडी फिरताना थोडा बर्फ इकडेतिकडे जाईलच की."

बर्फ काढण्याच्या कामाला मात्र आपत्कालीन आराखडा लागतो आणि अंगात चकाकणारं जाकीट लागतं. मी आराखडा केला. सात पानं झाली. तो कुठल्या विभागात द्यायचा यावर दोन विभागांत मतभेद झाले. दरम्यान मी ड्रायव्हिंग स्कूलच्या घसरणीच्या ट्रॅकवर फोन लावला. तिथल्या मुलीनं सांगितलं, ट्रॅक शिकाऊ लोकांसाठीच आहे, वसंत ऋतूपर्यंत भरलेला आहे, आणि लायसन्स पाहता तुमच्या पत्नीला गाडी येते.

"कागदोपत्री येते हो," मी म्हटलं.

"मग कागदोपत्री आम्ही शिकवू शकत नाही," ती म्हणाली.

अकरा तारीख तीन आठवड्यांवर आली. एका संध्याकाळी मी आत आलो तर ती फ्रिजसमोर उभी होती, वाण्याची यादी बाजूला करून माझे निळे बाण बघत. मला बघून तिनं यादी परत लावली. तिला खरंच शिकायचंय, हे मला त्या क्षणापर्यंत लक्षात आलं नव्हतं. मी आपला माझी अब्रू शिकवत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी लेंपीबाईंचा फोन आला. लेंपीबाई एकोणऐंशी वर्षांच्या. चाळीस वर्षं त्यांनी टपालाची गाडी चालवली, तीही गावाबाहेरच्या रस्त्यांवर, जिथं बर्फ काढणारं यंत्र दुपारी येतं आणि टपाल सकाळी जायचं असतं. व्यायामाच्या वर्गातल्या अकरांपैकी त्या एक होत्या. बादली आणणाऱ्या नव्हे. त्या गालातल्या गालात हसणाऱ्या.

"मास्तर, अर्ज मंजूर झाला का?"

"विचाराधीन आहे."

"माझ्या गवताच्या शेतात या रविवारी. मी दर जानेवारीत ट्रॅक्टरनं बर्फ दाबून गोल वाट करते."

"नातवंडांसाठी?"

"नातवंडं कशाला? माझ्यासाठी. आणि ती वाळू काढून या."

शेत तळ्याच्या अंगाला होतं, सपाट, झाडं लांब. लेंपीबाईंनी आधी फाटक लावलं, कुत्रं घरात कोंडलं, मग सगळीकडे एक फेरी मारून कुणी स्की घेऊन आडवाटेनं येत नाही ना ते पाहिलं. त्यानंतर त्या हिल्कासमोर उभ्या राहिल्या. माझ्या खांद्याएवढ्या आहेत त्या.

"पट्टा बांधायचा. तिसाच्या वर जायचं नाही. मी थांब म्हटलं की थांबायचं. इथं हवं तेवढं घसर, खिदळ, ओरड. रस्त्यावर गेलीस की यातलं काही करायचं नाही. रस्त्यावर दुसऱ्यांची लेकरं असतात. घसरायला शिकायचं ते तिथं न घसरण्यासाठी. कळलं?"

"कळलं," हिल्का म्हणाली.

"मास्तर, तुम्ही उतरा."

"मी बाजूला बसून सांगतो ना."

"म्हणूनच उतरा."

मी थर्मास घेऊन कुंपणापाशी उभा राहिलो. पहिल्या वळणाला हिल्का नाकासकट बर्फाच्या ढिगात गेली. दुसऱ्या वेळेला उलटी फिरली. तिसऱ्या वेळेला शेपूट सुटलं, आणि बघतो तर तिनं पाय उचलला, स्टेअरिंग हलकेच उलट दिलं, गाडी क्षणभर तिरकी तरंगली आणि सरळ झाली. चौथ्यांदा तिनं ती मुद्दाम सोडली. पाचव्यांदा पूर्ण वळण आडवं घेतलं, मागं बर्फाचा पांढरा पंखा उडवत, आणि काच खाली होती म्हणून मला आतलं हसणं ऐकू आलं. आधी वाटलं लेंपीबाई हसताहेत. मग ओळखलं. ते हसणं मी कॉलेजात असताना ऐकलं होतं, त्याच हसण्यापायी लग्न केलं होतं, आणि ते कधीपासून बंद झालंय याची मी नोंदही ठेवली नव्हती. थर्मासमधली कॉफी मी तशीच बर्फावर ओतत उभा होतो, हे बूट भिजल्यावर कळलं.

हिल्का उतरली. गाल लालबुंद, टोपी वाकडी. "आता तू!"

"माझे डोळे..."

"दिवस आहे, शेत पांढरं आहे, समोर काही नाही," लेंपीबाई म्हणाल्या. "बसा."

हिल्का बाजूला बसली. मी तीसवर गेलो, वळलो, आणि मागचं जरा सुटल्यासारखं झालं मात्र, माझे हात लाकडासारखे झाले. पाय ब्रेकवर गच्च. बाण लाल का निळे, काही आठवेना. गाडी सरळ ढिगात घुसली, ती खिडक्यांच्या वरपर्यंत. दोन्ही दारं बर्फानं दाबून बंद. आत निळसर उजेड पसरला. लांबून लेंपीबाईंचा आवाज आला, "बसा आत! ट्रॅक्टर आणते! घाई नाही ना?"

आम्ही बसलो. घाई नव्हती. एकोणीस वर्षं झाली होती.

ती नोव्हेंबरची गोष्ट. हिल्का चालवत होती, मी बाजूला, मागं आमची सात वर्षांची विल्या. लाकडाच्या गिरणीपाशी वळणावर शेपूट जरासं सुटलं. गाडी गोल फिरली आणि रस्त्याच्या कडेला उलट्या तोंडानं बर्फात जाऊन बसली. कुणाला खरचटलं नाही. विल्या तर म्हणाली, "परत!" मी हिल्काच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणालो, "होतं असं. यापुढं हिवाळ्यात मीच चालवत जाईन हं." एवढंच. तेव्हापासून किल्ली माझ्या खिशात.

"हिल्का," मी म्हटलं. समोरच्या काचेवरच्या बर्फाकडे बघत म्हटलं, कारण तिच्याकडे बघून जमलं नसतं. "गिरणीपाशी तू घसरली नव्हतीस. म्हणजे, तू सावरत होतीस. मी बाजूनं स्टेअरिंग ओढलं. घाबरलो. गाडी माझ्यामुळं फिरली."

गाडीच्या टपावर बर्फ खसकन सरकला.

"मला सांगायचं होतं," मी म्हटलं.

"कालेर्वो, स्टेअरिंगवर माझे हात होते. मला कळलं नसेल?"

मी तिच्याकडे बघितलं.

"मग बोलली का नाहीस?"

"तू ओरडला असतास तर बोलले असते. चांगली भांडले असते. पण तू खांद्यावर हात ठेवून इतक्या प्रेमानं बोललास की मला तोंडच उघडता आलं नाही. वाटलं, आज ना उद्या स्वतःच सांगेल." तिनं टोपी काढून केस सारखे केले. "मग वर्षं गेली. पुढं पुढं मलाच वाटायला लागलं, की खरंच माझं चुकलं असेल. शेवटी मास्तर तू."

मला रडू आलं. मोतीबिंदूनं डोळ्यांत पाणी येतं असं मी म्हणू शकलो असतो. डॉक्टरीणबाईंनी तसं काही सांगितलेलं नव्हतं. हिल्कानं पर्समधून रुमाल काढून दिला. तो न विणलेला, विकतचा होता.

"मी दर हिवाळ्यात घाबरतो," मी म्हटलं. "चालवताना प्रत्येक वळणाला. कुणाला सांगितलं नाही."

"तेही मला माहीत होतं. बाजूला बसते ना मी. वळण आलं की तू श्वास धरतोस."

"मग?"

"मग मीही धरते."

काचेवर टकटक झाली. एक हातमोजा बर्फ बाजूला सारत होता, मागोमाग लेंपीबाईंचं नाक दिसलं.

"भांडण चाललंय का प्रेम?" त्यांनी विचारलं. "तेवढ्या जोरानं ओढते."

त्यानंतर आणखी दोन रविवार आम्ही शेतात गेलो. मी बहुतेक कुंपणापाशीच. एका रविवारी ताउनो बघायला आला, बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "वाईट चालवते असं म्हणता येणार नाही." आमच्याकडे यापुढं फक्त पुतळा उभारणं उरतं. नगरपालिकेचं पत्रही आलं: आराखडा उत्तम आहे, पण जाकिटाचा नमुना जोडलेला नाही.

अकरा फेब्रुवारीला सकाळपासून बारीक, कोरडा बर्फ पडत होता. हिल्का चालवत होती. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. दोनदा श्वास धरला, तिनं दोन्ही वेळा नुसतं म्हटलं, "सोड." मी सोडला.

ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. उजव्या डोळ्यावर प्लास्टिकची जाळीदार वाटी चिकटवून त्यांनी मला हिल्काच्या हवाली केलं, एखादं नाजूक पार्सल द्यावं तसं. परत निघालो तेव्हा बर्फ वाढला होता. अर्ध्या वाटेवर आमच्यापुढं बर्फ काढणारं यंत्र आलं, पाठीमागं पांढऱ्या ढगांचा लोट उडवत. त्याचा वेग चाळीस. मागं हळूहळू गाड्यांची रांग झाली. एका ट्रकवाल्यानं दिवे मारून बघितले. एक घाईतला माणूस आम्हाला ओलांडून त्या ढगात घुसला आणि पुढं त्याचे लाल दिवे दोनदा वेडेवाकडे हलले. शेतात गाडी आडवी नाचवणारी माझी बायको हूं का चूं न करता, यंत्रापासून हातभर नव्हे, चांगलं शंभर पावलांचं अंतर ठेवून चाळीसनं जात राहिली.

"जायचं का पुढं?" मी विचारलं. मला घाई नव्हती, फक्त तिला असेल असं वाटलं.

"दिसत नाही ना पलीकडचं," ती म्हणाली. "कुणाचंतरी कुणीतरी येत असेल तिकडून."

मग ती म्हणाली, "डोळे मिट. म्हणजे, डोळा मिट."

मी मिटला. त्यांनी इस्पितळात काहीतरी गुंगीचं दिलं होतं, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे चाकांखाली बर्फाचा मऊ आवाज येत होता, हिल्का मोजे विणताना गुणगुणते तसं काहीतरी गुणगुणत होती, आणि मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, चालत्या गाडीत, बाजूच्या सीटवर झोपलो.

जाग आली तेव्हा आवाज थांबलेला होता. इंजिन बंद होतं. सगळ्या काचा पांढऱ्या झालेल्या. माझ्या अंगावर हिल्काचा कोट होता आणि ती नुसत्या स्वेटरवर, हात बगलेत घालून, शेजारी बसली होती. आम्ही आमच्याच अंगणात होतो.

"पोचून किती वेळ झाला?"

"वीसेक मिनिटं झाली असतील."

"उठवायचं नाही का?"

"झोपला होतास."

मी कोट तिच्या अंगावर घातला. तिचे हात गारठले होते, ते माझ्या हातात घेतले.

"रस्ता कसा होता?"

"निसरडा," हिल्का म्हणाली. "गिरणीपाशी जरा सुटली होती. सावरली."

"मला कळलंच नाही," मी म्हटलं.